ओठांवरचे मूल्य आणि हातातले मूल्य



"तुमच्या जीवनात सर्वांत महत्त्वाचे काय?" असा प्रश्न कोणालाही विचारला, तर उत्तर शोधायला वेळ लागत नाही. देव, कुटुंब, प्रामाणिकपणा, माणुसकी. उत्तरे चांगली आहेत आणि बहुतेकजण ती मनापासून देतात. आता हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारू या. गेल्या महिन्याचे बँकेचे पासबुक समोर घ्या. गेल्या आठवड्यातील सात संध्याकाळी कशात गेल्या, ते आठवा. घरात शेवटचे भांडण कशावरून झाले, तेही आठवा. या तिन्हींतून मिळणारे उत्तर आणि आपण तोंडाने दिलेले उत्तर जुळते का?

काही जुळते, काही जुळत नाही. त्यामुळे लगेच स्वतःला ढोंगी म्हणण्याचे कारण नाही. हे अंतर जवळजवळ प्रत्येक माणसात असते. संत पौलानेही रोमकरांस पत्रात (७:१५-१९) आपली हीच व्यथा मांडली आहे: जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको असते तेच घडते. हे अंतर किती आहे आणि ते कमी कसे करता येईल, हे या पाठात पाहू.

मूल्य म्हणजे काय?

आपल्या भाषेने येथे आपली मोठी सोय केली आहे. मराठीत 'मूल्य' म्हणजे किंमत आणि 'मूल्य' म्हणजे जीवनात मोलाची वाटणारी गोष्ट. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. ज्या गोष्टीसाठी मी काही मोजायला तयार आहे, तीच माझ्या दृष्टीने मोलाची. ज्यासाठी मी वेळ, पैसा, झोप किंवा मानपान यांपैकी काहीच सोडणार नाही, ते माझे मूल्य नव्हे. ते फक्त माझे मत आहे.

मूल्य आणि ध्येय यांतही फरक आहे. घर बांधणे हे ध्येय. घर बांधून झाले की ते संपले. आल्या-गेल्याला आपुलकीने घरात घेणे हे मूल्य. ते चाळीतल्या एका खोलीतही जगता येते आणि दुमजली बंगल्यात हरवूही शकते. मूल्य आणि नियम यांतही फरक आहे. नियम बाहेरून येतो. पाहणारा गेला की नियम सैल होतो. मूल्य कोणी पाहत नसतानाही माणसाबरोबर असते.

माक्स शेलर या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९१३ आणि १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूल्यांच्या पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली सुखाची मूल्ये: चव, आराम, सोय. त्यावर जीवनशक्तीची मूल्ये: आरोग्य, जोम, धैर्य. त्यावर आत्मिक मूल्ये: सत्य, न्याय, सौंदर्य. आणि सर्वांत वर पवित्रतेची मूल्ये. खालची पायरी वाईट आहे, असे त्याचे म्हणणे नव्हते. भुकेल्याला भाकरी हवीच. परंतु वरचे विकून खालचे विकत घेणे, हा व्यवहार माणसाला बुडवतो.

वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे कसे ओळखावे? शेलरच्या कसोट्यांपैकी तीन घरगुती भाषेत सांगता येतात. पहिली: जे अधिक टिकते ते वरचे. दुसरी: जे वाटल्याने कमी होत नाही ते वरचे. एक भाकरी चौघांत वाटली तर प्रत्येकाला पाव मिळते. एक भजन चौघांनी म्हटले तर प्रत्येकाला पूर्ण मिळते. तिसरी: जे अधिक खोल समाधान देते ते वरचे.

पोप जॉन पॉल दुसरे हे तरुण धर्मगुरू असताना, म्हणजे कारोल वोयतिवा या नावाने ओळखले जात असताना, त्यांनी १९५३ साली शेलरच्या विचारांवरच प्रबंध लिहिला. शेलरकडून घेण्यासारखे बरेच आहे, पण तेवढ्याने ख्रिस्ती नीतीचे काम भागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मूल्य जाणवणे पुरेसे नाही. माणूस स्वतःच्या कृतीने चांगला किंवा वाईट होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवू या. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आपली मूल्ये ओळखायची कशी?

येथे संत इग्नेशियस लोयोला आपले शिक्षक आहेत. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांच्या पायाचे हाड मोडले. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाली ती दोन पुस्तके: ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. मग त्यांचे मन दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागले. कधी दरबार, पराक्रम आणि एका थोर घराण्यातील स्त्रीची मर्जी; तर कधी संतांसारखे अनवाणी जेरुसलेमला जाणे आणि कंदमुळे खाऊन राहणे. दोन्ही स्वप्ने पाहताना आनंद होत असे. पण एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की पहिले स्वप्न संपल्यावर मन कोरडे पडते आणि दुसरे संपल्यावरही आनंद मागे राहतो.

एवढ्याशा निरीक्षणातून पुढे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक तयार झाले. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. आपल्यासाठी त्यातला धडा सोपा आहे: एखादी गोष्ट करताना कसे वाटते यापेक्षा ती झाल्यावर मागे काय उरते, ते पाहा. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर माणसे जास्त बोलावली तेव्हा छान वाटले; दुसऱ्या महिन्यात कर्जाचा हप्ता भरताना काय वाटले? आजारी शेजाऱ्याला रात्री इस्पितळात नेताना झोपमोड झाली म्हणून कुरकुर केली. सकाळी घरी परतताना काय वाटले?

याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न: मला कोणाबद्दल आदर वाटतो आणि नेमका कशाबद्दल? "आमची आजी फार चांगली होती" एवढे पुरे नाही. तिने काय केले, ते सांगा. "दारी आलेल्या माणसाला ती रिकाम्या हाताने पाठवत नसे." हे नेमके उत्तर झाले.

दुसरा प्रश्न: मला कशाचे दुःख होते, कशाचा राग येतो? संत मार्कलिखित शुभवर्तमानात (१०:१७-२२) एक श्रीमंत माणूस प्रभू येशूकडे धावत येतो. लहानपणापासून त्याने आज्ञा पाळल्या आहेत. पण सर्व विकून गोरगरिबांना देण्याचे ऐकताच त्याचा चेहरा उतरतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. तोपर्यंत आपले खरे मूल्य कोणते, हे त्यालाही माहीत नसावे. त्याच्या खिन्नतेने ते त्याला दाखवले.

तिसरा प्रश्न स्वतः संत इग्नेशियस यांनी निर्णयाच्या वेळेसाठी सुचवला आहे: मी मरणशय्येवर आहे अशी कल्पना केली, तर आज कोणता निर्णय घेतला असता तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटेल? यासोबत ते आणखी एक युक्ती सांगतात. अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला काय सल्ला द्याल? तोच सल्ला स्वतः पाळा.

उत्तरे लिहून काढा. दहा-पंधरा शब्द जमतील. त्यांतून तीन किंवा चारच ठेवा. सगळेच महत्त्वाचे असेल तर काहीच महत्त्वाचे राहत नाही. मग प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करा. 'प्रामाणिकपणा' असे न लिहिता "वजनात, बिलात आणि हजेरीत मी खरे तेच लिहीन" असे लिहा. शब्द भिंतीवर शोभतो. वाक्य कामाला लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. माणसाला मोलाचे वाटते ते सगळेच चांगले असते असे नाही. चोरांच्या टोळीतही एकनिष्ठा असते. 'लोक काय म्हणतील' हेही वाडवडिलांकडून आलेले एक मूल्यच आहे आणि त्यापायी कितीतरी घरे कर्जात बुडाली. म्हणून आपली यादी शुभवर्तमानाच्या उजेडात धरावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले की सदसद्विवेकबुद्धी हा माणसाचा सर्वांत आतला गाभारा आहे आणि तेथे तो देवाबरोबर एकटा असतो. पण गाभाराही रोज झाडावा लागतो. पवित्र शास्त्राचे वाचन, प्रार्थना आणि जाणत्या माणसांचा सल्ला यांनी विवेकबुद्धी घडते. नाहीतर आपल्या सोयीलाच आपण देवाचा आवाज समजू लागतो.

एका शेतकऱ्याची गोष्ट

मूल्य म्हणजे मोजावी लागणारी किंमत, हे ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याच्या जीवनातून दिसते. त्याचे नाव फ्रान्झ येगरस्टेटर. जन्म १९०७ साली, संत राडेगुंड या लहानशा गावी. तारुण्यात तो काही संत म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याला मोटारसायकलची हौस होती आणि लग्नाआधी त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ साली फ्रान्झिस्का हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या. पतिपत्नी एकत्र प्रार्थना करीत, बायबल वाचीत. पुढे तो गावच्या चर्चमध्ये वेदीची तयारी आणि देखभाल करण्याची सेवाही करू लागला.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्यावर लोकांचे मत घेण्यात आले. त्या गावात विरोधी मत देणारा फ्रान्झ एकटाच होता. नाझी सरकारकडून मिळणारी आर्थिक मदतही त्याने नाकारली. त्याच वर्षी त्याला एक स्वप्न पडले होते: एक सुंदर आगगाडी, तिच्याकडे धावणारी लहानथोर माणसे, आणि ही गाडी नरकाला जाते आहे असे सांगणारा एक आवाज. पुढे त्याला वाटले, ती गाडी म्हणजेच नाझी चळवळ.

१९४० साली त्याला सैन्यात बोलावले, तेव्हा तो गेला. प्रशिक्षण घेतले आणि १९४१ साली शेतीच्या कामासाठी परत आला. पण जे पाहिले, त्यावरून त्याने ठरवले की या अन्यायी युद्धात आपण पुन्हा जायचे नाही. हा निर्णय त्याने एकट्याने हट्टाने घेतला नाही. तो धर्मगुरूंकडे गेला, लिंझच्या बिशपांनाही भेटला. जवळपास सर्वांनी त्याला सांगितले की तुझी जबाबदारी तुझ्या कुटुंबाशी आहे. त्याने ऐकून घेतले, प्रार्थना केली, वहीत आपले प्रश्न लिहून काढले. मार्च १९४३ मध्ये त्याला पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्याने शस्त्र घेण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करायला मी तयार आहे, असे तो म्हणाला; पण त्याचा उपयोग झाला नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला आणि ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. तो छत्तीस वर्षांचा होता.

गावाने त्याला शूर म्हटले नाही. युद्ध संपल्यावरही अनेक वर्षे फ्रान्झिस्काला टोमणे ऐकावे लागले. विधवा म्हणून मिळायचे निवृत्तिवेतनही तिला सुरुवातीला नाकारले गेले. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरवली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का तेथे हजर होती. वयाची शंभरी पूर्ण करून २०१३ साली ती देवाघरी गेली.

या जीवनातून आपल्या विषयासाठी तीन गोष्टी घेऊ.

एक: मोठ्या प्रसंगाची तयारी लहान प्रसंगांत होते. मतपत्रिकेवरची एक खूण, नाकारलेली मदत, रोजची प्रार्थना. १९४३ चा नकार त्या आधीच्या पाच वर्षांत घडत आला होता.

दोन: खरा पेच बहुधा चांगले आणि वाईट यांत नसतो. तो दोन चांगल्या गोष्टींत असतो. फ्रान्झचे आपल्या कुटुंबावर जिवापाड प्रेम होते. तुरुंगातून त्याने पत्नीला लिहिलेली पत्रे याला साक्ष आहेत. त्याने प्रेम सोडले नाही; पण निरपराधांविरुद्ध शस्त्र उचलून ते प्रेम टिकवायचे नाही, एवढे ठरवले. म्हणून मूल्यांची नुसती यादी पुरत नाही, त्यांचा क्रम ठरवावा लागतो.

तीन: तत्त्वनिष्ठा आणि हट्ट यांत फरक आहे. हट्टी माणूस सगळे दरवाजे लावून घेतो. तत्त्वनिष्ठ माणूस तत्त्वाला धक्का न लागता जे जे दरवाजे उघडे ठेवता येतील, ते ठेवतो. जखमींच्या शुश्रूषेची तयारी दाखवणे हा तसाच एक दरवाजा होता.

आपल्या घरातली परीक्षा

आपल्यापैकी कोणाला असा प्रसंग येवो न येवो. पण परीक्षा आपल्याही घरात होते, फक्त ती कागदावरच्या सहीच्या रूपाने येते. एक उदाहरण घेऊ. आई-वडील गेले आहेत. जमिनीला चांगला भाव आला आहे. भाऊ वकिलाकडून हक्कसोड पत्र तयार करून आणतात आणि बहिणीला म्हणतात, "ताई, एक सही कर. तुझ्या लग्नात सगळे दिलेच होते." बहीण सही करते. जमिनीवर पाणी सोडायला ती तयार असते, माहेर तुटायला तयार नसते. याच घरात रोज रात्री एकत्र रोझरी होत असते आणि 'आमच्यासाठी कुटुंब प्रथम' हे वाक्य प्रत्येकाच्या ओठांवर असते.

आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा देतो. पण येथे कायद्याच्याही पुढचा प्रश्न आहे. बहिणीने खुशीने वाटा सोडला, तर ते तिचे दान आहे आणि दान पवित्र आहे. पण ती खुशी होती का, हे कसे ओळखायचे? तिला तिच्या वाट्याची खरी किंमत सांगितली होती का? विचार करायला वेळ दिला होता का? "नाही" म्हटले असते, तरी पुढच्या सणाला तिला तितक्याच प्रेमाने बोलावले असते का? या तीन प्रश्नांना "होय" असे उत्तर देता येत नसेल, तर आपण दान घेतलेले नाही. आपण तिच्या प्रेमाची किंमत वसूल केली आहे.

जक्कयाची गोष्ट आपल्याला पाठ आहे (लूक १९:१-१०). प्रभू घरी आल्यावर त्याने आपल्या भावना सांगितल्या नाहीत, आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट. त्या दिवशी त्या घराला तारण मिळाले, असे प्रभूने म्हटले. मूल्य आकड्यापर्यंत उतरले म्हणजे ते खरे झाले.

मूल्यांप्रमाणे जगण्यासाठी

ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कृत्ये करूनच माणूस न्यायी होतो, जसा घरे बांधूनच गवंडी तयार होतो. म्हणून सुरुवात लहान कृतीने करावी.

पहिले, किंमत आधी मोजा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाची उपमा प्रभू येशूने दिली आहे (लूक १४:२८-३०). "खरे बिल दिले तर महिन्याला इतके कमी मिळतील, ते मला चालेल का, घर कसे चालवायचे?" हे आधी घरात बसून ठरवा. ऐन वेळी ठरवायला गेले की मोह जिंकतो.

दुसरे, एक साक्षीदार ठेवा. पत्नी, पती, मित्र किंवा लघु ख्रिस्ती समूहातील कोणी. आपले वाक्य त्याला सांगा आणि महिन्याने विचारायला सांगा.

तिसरे, रोज रात्री दहा मिनिटे आत्मपरीक्षण करा. संत इग्नेशियस यांच्या पाच पायऱ्या सोप्या आहेत: दिवसाबद्दल आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाशाची मागणी, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या घटनांची उजळणी, चुकलेल्याबद्दल क्षमायाचना आणि उद्यासाठी एक निश्चय. एकच निश्चय, आणि तोही उद्यापुरता.

चौथे, पडलात तर निराश होऊ नका. मूल्य मोडले म्हणून ते खोटे ठरत नाही. मोडल्याचे दुःख होते, हीच ते अजून जिवंत असल्याची खूण. प्रायश्चित्त संस्कार त्यासाठीच आहे. मात्र क्षमा मागणे आणि नुकसान भरून देणे या दोन गोष्टी बरोबर चालतात. जक्कयाने तेच केले.

कुटुंबात आणि समूहात चर्चेसाठी

१. गेल्या महिन्याच्या खर्चावरून एखाद्या अनोळखी माणसाने आपल्या घराची तीन मूल्ये लिहिली, तर तो कोणती लिहील?

२. आपल्या घरात 'लोक काय म्हणतील' या भीतीने कोणते निर्णय झाले? आज तोच निर्णय पुन्हा घ्यायचा असता, तर काय केले असते?

३. कोणाच्या सहीचा, मजुरीचा किंवा वाट्याचा हिशेब आपल्याकडे बाकी आहे का?

या आठवड्यासाठी कृती: आपल्या तीन मूल्यांपैकी एक निवडा. त्याचे एक वाक्य लिहा. त्या वाक्यासाठी या सात दिवसांत वेळ, पैसा किंवा मानपान यांपैकी काहीतरी एक प्रत्यक्ष मोजा. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी भाकरी आणि द्राक्षरसाबरोबर ती मोजलेली किंमतही मनोमन वेदीवर ठेवा. जिथे आपले धन तिथे आपले मन, हे प्रभूने सांगितलेच आहे (मत्तय ६:२१). धन कोठे ठेवायचे, ते मात्र त्याने आपल्या हाती सोपवले आहे.